पाळणाघराच्या हमीपत्रावरची सही

मुलुंडची आई
"हमीपत्रावर सही केली ना, मग तक्रार कसली?" असे काल एका गृहस्थांनी येथे विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना मीही अशा कागदावर सही केली. सहावे कलम असे होते : "मुलास होणारी इजा, आजारपण अथवा मृत्यू यांस संचालिका जबाबदार राहणार नाहीत." मूल कडेवर, सोमवारी कामावर रुजू व्हायचे आणि जवळपास दुसरे पाळणाघर नाही; अशा वेळी नकार देण्याची मुभा कोणत्या आईला असते? तीन महिन्यांनी त्याच्या दंडावर चार दातांचे निळे वण दिसले. मुले एकमेकांना चावतात, हे मला समजते. परंतु कोण, कधी, तेव्हा ताई कुठे होत्या, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर न देता माझ्यापुढे तोच कागद धरण्यात आला.

निवृत्त वकील, गिरगाव
त्या कागदाला लोक समजतात तेवढे बळ नाही. सार्वजनिक हिताला बाधक करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ खाली टिकत नाही, आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्कच काढून घेणारी अट कलम २८ खाली निरर्थक ठरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर 'अन्याय्य करार' अशी स्वतंत्र व्याख्याच आहे. शिवाय सांभाळायला घेतलेल्या मुलाशी क्रूरपणे वागणे किंवा त्याची जाणूनबुजून हेळसांड करणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा असून, पाळणाघरासारख्या संस्थेतील माणसाला त्यासाठी ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आईच्या सहीने गुन्हा पुसला जात नाही.

बोरिवलीचे पाळणाघर, २२ वर्षे
कलमे वाचली. आता माझेही ऐका. सकाळी सातला तापाचे औषध पाजून मूल माझ्या दारात सोडले जाते, "जरा किरकिर करतोय" एवढेच सांगितले जाते, आणि औषध उतरले की अकरा वाजता अंग फणफणते. गेल्या पावसाळ्यात असे एक मूल मांडीवर घेऊन मी रिक्षाने दवाखान्यात गेले. आईचा फोन लागत नव्हता, आणि घरी बाकीची नऊ मुले एकट्या मावशींच्या भरवशावर होती. त्यातले एखादे पडले असते तर दोष कोणाच्या माथी आला असता?

अंधेरीचा बाबा
आम्ही औषध पाजतो ते हौसेने नव्हे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी, असा नियम मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आला. माझ्या पत्नीच्या कार्यालयात तीनशे माणसे आहेत आणि पाळणाघराच्या नावाखाली कुलूप लावलेली एक खोली आहे. मुलाच्या तापासाठी रजा मागितली की साहेबांचा चेहरा बदलतो. जाब त्यांना विचारा.

बोरिवलीचे पाळणाघर, २२ वर्षे
साहेब तुमचे, रजा तुमची, आणि ताप मात्र माझ्या घरातल्या दहा मुलांना! रजा मिळत नसेल, पण खरे सांगायला कोणत्या साहेबाची परवानगी लागते?

मुलुंडची आई
मीही एकदा औषध पाजून मुलाला सोडले आहे आणि सांगितले नाही. हे येथे लिहिणे मला जड जात आहे. तरीही माझ्या त्या चुकीमुळे सहावे कलम योग्य ठरत नाही.

निवृत्त वकील, गिरगाव
लेखी अवश्य घ्यावे, पण वेगळे : मुलाला काय सोसत नाही, सकाळी कोणते औषध किती वाजता दिले, फोन न लागल्यास डॉक्टरांकडे नेण्यास संमती आहे का आणि संध्याकाळी न्यायला कोण येणार. असा कागद मुलाच्या उपयोगाचा आहे, आणि ताईंवर वेळ आली तर त्यांच्याही.

बोरिवलीचे पाळणाघर, २२ वर्षे
खारघरच्या पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण २०१६ मध्ये सर्वांनी पाहिली. त्यानंतर पालक माझ्याकडेही संशयाने पाहू लागले, म्हणून घाबरून मीही तसेच हमीपत्र टंकले होते. 'मृत्यू' हा शब्द टंकताना माझाही हात अडखळला होता. ते कलम मी काढते. मात्र औषधाची नोंद रोज सकाळी दारातच होईल, आणि प्रवेशाच्या कागदावर वडिलांचीही सही लागेल. २२ वर्षांच्या माझ्या फायलीत बहुतेक सह्या एकट्या आयांच्याच आहेत.