मदत हवी आहे : बारावीला ६२ टक्के, एमबीबीएसला चालतील का? (तातडीचे)

शेवंती
नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय. बारावी सायन्स, महाराष्ट्र बोर्ड, ६२ टक्के. नीटला ७२० पैकी ४८७. एक जण म्हणतो बारावीचे मार्क कुणी बघतच नाही, दुसरा म्हणतो ६२ वर मेडिकलचं नाव काढू नका. राज्याचं रजिस्ट्रेशन सुरू आहे, शेवटची तारीख तोंडावर आलीय. ६२ टक्क्यांवर एमबीबीएस मिळतं की नाही, एवढंच सांगा. सल्ले घरात भरपूर मिळालेत.

तिठा
ताई, ६२ कशाचे? सगळ्या विषयांचे की पीसीबीचे? एमबीबीएसला फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिन्हींची बेरीज धरतात, ३०० पैकी. इंग्रजीत पास असलं की झालं. बाकीचे विषय हिशोबात नाहीत.

शेवंती
एकूण ६२. मार्कशीटवर तेच लिहिलंय ना.

विहीर
७५ टक्के लागतात. माझ्या मेहुण्याच्या मुलाला ७४ पडले म्हणून अडवलं होतं. शिवाय बारावीला ४० टक्के वेटेज असतं. भावाचं कठीण आहे.

तिठा
विहीर, तुम्ही इंजिनिअरिंगचं सांगताय. ७५ ची अट जेईईतून एनआयटी, आयआयटीला जाणाऱ्यांना. आणि ते ४० टक्के वेटेजसुद्धा जेईई मेनलाच होतं, २०१७ पासून तेही काढलं. मेडिकलला असलं काही नाही. उगाच घाबरवू नका त्यांना.

विहीर
मी घाबरवत नाही, जे घडलं ते सांगितलं. मुलगा सायन्सचाच होता.

इंटर्न
सरळ सांगतो. मेरिट लिस्ट शंभर टक्के नीटवर लागते. दोघांचे नीटचे मार्क सारखे आले तरी बारावी बघत नाहीत, आधी नीटमधले बायोलॉजीचे मार्क, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स बघतात. आमच्या बॅचला बारावीत ९४ वाला आणि ५८ वाला शेजारी बसायचे. बोर्ड विसरा, ४८७ वर चॉइस फिलिंग, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, नीट करा.

मास्तर
इंटर्न, अर्धी गोष्ट सांगून मोकळे होऊ नका. रँकसाठी बोर्ड लागत नाही, पण पात्रतेसाठी लागतं. ओपनला पीसीबीत ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०. मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के, म्हणजे १२०. ओपनमधल्या दिव्यांगांना ४५. याच्या खाली असाल तर नीटला ६५० असले तरी नाव लागत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. अकरावीपासून क्लासवाले मुलांच्या डोक्यात भरवतात की बोर्ड म्हणजे नुसतं पास व्हायचं. मुलं प्रॅक्टिकलला येतात आणि थेट परीक्षेला उगवतात. मग जुलैत पालक रडत येतात. शेवंतीताई, तिन्ही विषयांचे मार्क वेगवेगळे टाका. आणि कॅटेगरी सांगा.

इंटर्न
सर, ५० टक्के कुणाला पडत नाहीत हो? प्रॅक्टिकलचे तिसातले सत्तावीस-अठ्ठावीस तर कॉलेजच देतं.

मास्तर
तीन विषयांचे प्रॅक्टिकलचे ८० धरले तरी २१० च्या लेखीत ७० उरतात. बहुपर्यायी प्रश्नांची सवय लागलेल्या मुलाला व्युत्पत्ती लिहायला सांगा, आकृती काढून नावं द्यायला सांगा, मग बघा.

पन्हाळी
ताई, बारावीला विषय कोणते होते? बायफोकल, म्हणजे २०० मार्कांचा व्यावसायिक विषय, होतं का?

शेवंती
क्रॉप सायन्स होतं. हे घ्या सगळं : इंग्रजी ५८, फिजिक्स ४६, केमिस्ट्री ४५, बायो ५२, क्रॉप सायन्स २०० पैकी १७१. एकूण ६०० पैकी ३७२. लेखीच्या आठवड्यात त्याला टायफॉइड होता, सलाइन लावून पेपर दिलेत त्याने. नीटपर्यंत बरा झाला. आता तरी सांगा.

पन्हाळी
तरीच! बायफोकलचे २०० मार्क एकूण टक्केवारी वर ओढतात. पीसीबी १४३ आहे, म्हणजे ४७.६७ टक्के. ६२ ला काही अर्थ नाही, सगळा खेळ या १४३ चा आहे. ओपन असाल तर ७ मार्क कमी आहेत.

शेवंती
म्हणजे ४८७ वाया गेले??

मास्तर
थांबा. कॅटेगरी अजून सांगितली नाहीत तुम्ही.

घाटमाथा
पन्नास पर्सेंटाइल लागतं, ते ४८७ ला आरामात येतं. २०२५ ला ओपनचा पात्रतेचा आकडा १४४ होता. त्यामुळे चिंता नको.

पन्हाळी
घाटमाथा, ते नीटचं पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत ते. बारावीची ५० टक्क्यांची अट वेगळी. दोन्ही पार करावे लागतात. सगळीकडे हाच घोळ होतो, कारण दोन्हीकडे आकडा ५० आणि ४० च आहे.

नदीकाठ
एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा जॉर्जियाला पाठवा. आमच्या इथली दोन मुलं गेली. नीटची रँक लागत नाही, मुलाखत नाही.

इंटर्न
रँक लागत नाही, पण २०१८ पासून परदेशी जाणाऱ्यालाही नीट पात्र असणं सक्तीचं आहे. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, इंटर्नशिप त्याच देशात, आणि परत आल्यावर इथली परीक्षा. माझ्यासोबत काम करणारा एक जण त्या परीक्षेत अडकलाय, त्याची घालमेल रोज बघतो. इथे सीट मिळण्याची शक्यता असताना हा सल्ला देऊ नका.

फौजीबाबा
एएफएमसीचा, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजचा विचार केलात का? पुण्यात आहे, शिक्षण उत्तम, लष्करात कमिशन मिळतं. पण तिथे बारावी कडक बघतात : पहिल्याच प्रयत्नात पास, पीसीबीत ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०, इंग्रजीतही ५०, आणि दहावीला गणित. माझ्या पुतणीने इंग्रजीकडे दुर्लक्ष केलं नाही म्हणून निभावलं. तरुण मुलांनी हे अकरावीतच वाचून ठेवावं.

तिठा
बाबा, माहिती चांगली आहे, पण फिजिक्स ४६ आणि केमिस्ट्री ४५ वर ते दार बंदच आहे. ताई, कॅटेगरी?

शेवंती
ओबीसी. पण नॉन-क्रीमी लेयरची मुदत मार्चला संपली. अकरावीच्या ॲडमिशनला काढलं होतं. म्हणून फॉर्म ओपनमधून भरायचं ठरलं होतं, कॅफेवाल्यानेही तेच सांगितलं. ओपनला सीट जास्त असतात ना?

मास्तर
ताई, हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. ओपनमधून फॉर्म भरू नका. ओबीसीतून भरलात तर १२० हवेत, त्याचे १४३ आहेत, म्हणजे तो पात्र आहे. ओपनमधून भरलात तर तोच मुलगा अपात्र. आणि ओपनला जास्त सीट हे कारण मुळातच चुकीचं. ओबीसीचा उमेदवार मेरिटमध्ये वर असेल तर त्याला खुल्या जागेवरही घेतात, ओबीसी लिहिल्याने तो हक्क जात नाही. कॅफेवाल्याचं ऐकून कुणी फॉर्म भरतं का?

पन्हाळी
मास्तर, ओरडू नका हो त्यांच्यावर. ताई, आजच सेतूत जा किंवा आपले सरकारवरून अर्ज करा. वडिलांचं तीन वर्षांचं तहसीलदाराचं उत्पन्न प्रमाणपत्र, भावाचा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड बरोबर ठेवा. सही प्रांतांची असते, तिथेच वेळ जातो. नवीन दाखल्यावर मुदतीची तारीख बघून घ्या, प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. आमच्या मुलीच्या वेळी खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरातली ती ओळ कुणी वाचलीच नव्हती, पडताळणीच्या टेबलावर बाईंनी बोट ठेवलं तेव्हा कळलं. जात वैधता आहे का?

शेवंती
वैधता आहे, कॉलेजातूनच अकरावीला केली होती. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातच, डोमिसाइल आहे. केंद्राच्या पंधरा टक्के कोट्याचंही भरू का?

तिठा
भरा, पण केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा असतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. नीटच्या फॉर्मला कॅटेगरी काय टाकली होती तेही बघा. दहावी-बारावी इथलीच आहे तर राज्याच्या ८५ टक्के कोट्यावर जोर द्या.

जुनापाणी
वाचून वाईट वाटलं. आमच्या वेळी, नव्वदच्या दशकात, नीट नव्हती, सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीबीवर मेडिकल लागायचं. एकेका मार्कावर कॉलेज बदलायचं, पण मुलं वर्गात बसायची आणि पुस्तकं वाचायची. आता नुसते गोळे काळे करायचे. बोर्डाला निम्मं वजन द्यायलाच हवं.

इंटर्न
आणि कॉप्यांचं काय? एका बोर्डात ९५ टक्के सहज पडतात, दुसऱ्यात ८५ ला घाम फुटतो. मग कुणाचे मार्क खरे? तामिळनाडूने २०१६ पर्यंत बारावीवर प्रवेश दिले, ते बंद झाल्यापासून तिथला वाद अजून मिटलेला नाही.

मास्तर
तामिळनाडूतली खेड्यातली मुलं बारावीवर डॉक्टर झाली, हेही सांगा ना. नीट आल्यावर सरकारी शाळेतल्या मुलांसाठी २०२० ला साडेसात टक्के जागा राखून ठेवाव्या लागल्या, त्या उगाच नाहीत. ज्याच्या बापाला लाखांचा क्लास परवडत नाही त्याच्यासाठी शाळेची परीक्षा हीच एक बरोबरीची जागा होती.

इंटर्न
सर, माझ्या बापालाही परवडत नव्हता. जुने पेपर सोडवून आलोय मी.

तिठा
यासाठी वेगळा धागा काढा दोघांनी. ताईंची तारीख जवळ आलीय.

विहीर
४८७ वर एमबीबीएस लागेल का हे कुणीच सांगितलं नाही. मागच्या वर्षीची कटऑफ बघा म्हणावं.

पन्हाळी
मागच्या वर्षीची नुसती कटऑफ बघून फसायला होतं. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारे १७ जण होते, २०२५ ला पहिला आलेला ६८६ वर होता. तेच ४८७ एका वर्षी काहीच नाहीत, दुसऱ्या वर्षी बऱ्यापैकी आहेत. मार्क न बघता राज्याच्या मेरिट लिस्टमधला नंबर बघा, आणि आधीच्या वर्षी ओबीसीत कोणत्या नंबरपर्यंत कोणतं कॉलेज गेलं ते ताडून बघा. सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० ला रद्द झालाय, त्यामुळे पसंतीक्रमात राज्यभरातली कॉलेजं टाका, फक्त जवळची नको. बीडीएस आणि बीएएमएसलाही पीसीबीची हीच अट आहे, तेही हाताशी ठेवा.

शेवंती
सेतूत जाऊन आले. अर्ज घेतला, टोकन मिळालं. एका वर्षाचं उत्पन्न प्रमाणपत्र कमी पडतंय, बाबा तहसीलला गेलेत. फॉर्म ओबीसीतूनच भरतोय. नीटच्या फॉर्मला ओबीसीच टाकलं होतं, आता बघितलं. मास्तर, तुम्ही चिडलात पण बरं केलंत. बोर्डाची परीक्षा परत द्यायला सांगत होते घरी, ती द्यायची का?

मास्तर
या वर्षीच्या प्रवेशासाठी गरज नाही, १४३ पुरतात. दाखला वेळेत आलाच नाही आणि वर्ष गेलं, तर श्रेणीसुधारला, म्हणजे मार्क वाढवण्यासाठीच्या बोर्डाच्या फेरपरीक्षेला बसवा आणि पीसीबी १५० च्या पुढे न्या, म्हणजे पुढच्या खेपेला दाखल्यावर अवलंबून राहायला नको. प्रांत कार्यालयात स्वतः जाऊन फाइल कुठे आहे विचारा, ऑनलाइन स्टेटसवर बसू नका. तब्येत कशी आहे त्याची?

शेवंती
बरा आहे. वजन अजून भरलं नाही.

चाफेकळी
याच धाग्यात विचारते. मुलगी ओपन, पीसीबी १४८, नीट ५३०. दोनच मार्क कमी आहेत, काही सवलत?

तिठा
ओपनला १५० च लागतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन पुनर्मूल्यांकन केलं होतं का? निकाल कधीचा आहे?