वसंतात फुलपाखरांचे फोटो: मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स घेऊ का?

कोथरूडकर_७०३००: फेब्रुवारीपासून दर रविवारी वेताळ टेकडीवर जातोय. ७०-३०० मिमीची जुनी झूम लेन्स आहे. हाती काय, तर वीसेक फोटो, त्यातल्या निम्म्यांत फुलपाखरू उडून गेलेलं नुसतं फूल! मॅक्रो घेऊ, की पावसाळ्यापर्यंत गप्प बसू?

घाणेरी: खरा बहर पावसाळ्यानंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबर. पण आत्ताची मजा वेगळी. ओढे आटले की जिथे ओल उरते तिथे फुलपाखरं जमतात, क्षार शोषायला. बहुतेक नरच असतात. ऊन चढल्यावर अशा ओल्या वाळूपाशी बैठक मारा. पिण्यात ती इतकी गुंग असतात की पोटावर सरकत गेलं तरी हलत नाहीत. तुमची सावली तेवढी पडू देऊ नका, सगळी एकदम उठतात.
मॅक्रो तूर्त नको. ३०० वर दीड मीटरवरून भरपूर जमतं. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको, फोकस डोळ्यावर. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखांना समांतर धरा, नाहीतर एक टोक धूसर येतं.

येऊरचा_वाटसरू: फिरणं कमी करा, झाड ओळखा. आंब्यावर बांडगूळ दिसलं की हळदी-कुंकू नावाचं फुलपाखरू घिरट्या घालणारच. रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू. ठाण्यात ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बागही आहे, जाण्याआधी चौकशी करा.

परसदार: टेकडीवर कशाला जाता? घरातला कढीपत्ता बघा. लिंबाळी फुलपाखराची लहान अळी हुबेहूब पाखराची शीट दिसते, मोठी झाली की हिरवीगार. मागच्या वर्षी आमच्या कुंडीतला कोश आदल्या दिवशी काळपट झाला, आतली नक्षी दिसायला लागली. मी सकाळी चहा घेऊन तिथेच बसले. बाहेर आलेलं फुलपाखरू पंख वाळेपर्यंत तासभर जागचं हललं नाही. फोनवर काढलेत ते फोटो!

कोथरूडकर_७०३००: मॅक्रो रद्द. आत्ताच गॅलरीत बघितलं, कढीपत्त्यावर तीन 'शिटा' आहेत आणि त्यातली एक पान खातेय. आईनं कडुनिंबाचं पाणी फवारायला काढलं होतं, वेळेवर थांबवलं. आमटीला पानं विकत आणायचं कबूल करून बसलोय.