नदीच्या गाळामुळे हरभऱ्याच्या मुळांना गाठी कमी येतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची शेती निफाड तालुक्यात, गोदाकाठी. मी नाशिकला असतो, शेत भाऊ बघतो. उन्हाळ्यात एका तुकड्यात त्याने नदीपात्रातला गाळ ट्रॉलीने आणून पसरला. २०१७ च्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेपासून गाळाला आमच्याकडे चांगलीच मागणी आहे. पण ती योजना धरण-तलावांच्या गाळाची. हा गाळ शहराच्या खालच्या अंगाचा, म्हणजे सातपूर-अंबडकडून येणारी नासर्डी गोदावरीला मिळते त्याच्याही पुढचा. काळाभोर, ओला असताना उग्र वासाचा, मध्ये प्लास्टिकच्या चिंध्या.

रब्बीत दोन्ही तुकड्यांत हरभरा केला. बियाणं एकच, बियाण्याला चोळायचं रायझोबियमही (मुळांच्या गाठींत राहून हवेतलं नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंचं कल्चर) तेच, १० किलोला २५० ग्रॅम. फुलोऱ्याआधी काही झाडं मातीसकट खणून बादलीत मुळं धुतली. बिनगाळाच्या तुकड्यात टपोऱ्या गाठी, नखाने फोडल्या की आत गुलाबी, म्हणजे काम करणाऱ्या. गाळाच्या तुकड्यात गाठी तुरळक, बारीक, आत पांढरट-हिरवट. खालची पानंही पिवळी पडली आहेत.

शोधाशोध केल्यावर एक गोष्ट वाचली, तेव्हापासून चैन नाही. कडधान्याचं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं. रायझोबियममधलं नॉड-डी नावाचं प्रथिन ती ओळखतं, मग जिवाणू उलट संकेत पाठवतो, मुळाचं केस वळतं आणि गाठ धरते. आपल्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक आणि ते ओळखणारा त्याचा रिसेप्टर यांचं चालतं तसाच हा निरोपाचा व्यवहार. सोयाबीन ज्या जेनिस्टीनने जिवाणूला बोलावतं, ते तर माणसाच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरलाही चिकटतं! २००७ साली लसूणघासावर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पेंटाक्लोरोफेनॉल, मिथाइल पॅराथिऑन, डीडीटी या कीडनाशकांनी हाच निरोप अडवला. गाठी उशिरा आणि कमी आल्या, उत्पादन घटलं. यातलं डीडीटी पाण्यात फारसं विरघळत नाही, बारीक गाळातल्या सेंद्रिय कणांना धरून वर्षानुवर्षं राहतं. साबण-डिटर्जंटमधून येणारं नॉनिलफेनॉलही असंच गाळात साठतं, आणि ते माशांमध्ये इस्ट्रोजेनसारखं वागतं.

लसूणघासाचं हे हरभऱ्याला लागू पडेल का? की कारण साधंच आहे, गाळातलं जास्तीचं नत्र किंवा जड धातू? नेहमीच्या माती परीक्षणात नत्र-स्फुरद-पालाश कळतं, ही रसायनं नाहीत. आणि भाऊ पुढच्या उन्हाळ्यात उरलेल्या रानातही गाळ टाकायचं म्हणतोय. काय सांगू त्याला? जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद

आधी नत्राचं बघू. नत्र जास्त झालं की झाड गाठी धरत नाही हे खरं, पण मग ते हिरवंगार, माजलेलं दिसतं. तुमची पानं पिवळी आहेत, म्हणजे नत्र मिळतच नाहीये. गाळाने जमीन दडपून मुळाशी पाणी तुंबत नाही ना, एवढं पाहून घ्या.

धातूंचा संशय मला जास्त वाटतो. इंग्लंडमध्ये वोबर्नला सांडपाण्याचा गाळ वर्षानुवर्षं घातलेल्या शेतात क्लोव्हरच्या (लसूणघासासारखं चारापीक) गाठी निकामी निघाल्या होत्या. धातूंमुळे मातीतले कामाचे जिवाणूच संपले होते. जस्त, कॅडमियम, क्रोमियम, निकेल तपासून घ्या, हे करणाऱ्या प्रयोगशाळा मिळतात. कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्याही असतात, द्राक्षवाल्या निर्यातदारांना विचारा.

तुमची शंका उडवून लावत नाही. प्रत्येक रायझोबियमचं नॉड-डी वेगळं, त्यामुळे लसूणघासाचे आकडे हरभऱ्याला जसेच्या तसे लावू नका. कुंड्यांत करून बघा: दोन्ही तुकड्यांची माती, आणि प्रत्येकीत ताजं कल्चर नेहमीच्या प्रमाणात व भरपूर. गाळाच्या मातीत भरपूर कल्चरने गाठी वेळेवर आल्या, तर मातीतले जिवाणू मेले होते असं समजा. जिवाणू भरपूर असूनही गाठी उशिराच आल्या, तर निरोप अडतोय ही शक्यता वाढते. कोळशाची भुकटी मात्र मिसळू नका. ती प्रदूषक शोषते तशी मुळाने सोडलेले फ्लॅव्होनॉइडही शोषते, मग काहीच कळणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. पाणी तुंबत नाही, तो तुकडा उताराचा आहे. कुंड्या या आठवड्यातच भरतो. धातूंचा अहवाल हातात येईपर्यंत गाळाची एकही ट्रॉली आणायची नाही, असं भावाला आत्ताच फोन करून सांगतो. क्रोमियम आणि निकेलचे आकडे आले की इथेच टाकेन, वाचायला मदत करा.