शब्दचर्चा: घुघरा, करंजी आणि कानवला (लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्या राहण्याच्या भागावरून)

रावपुरा

दिवाळी जवळ आली की हा प्रश्न निघतोच, म्हणून एकदा नीट विचारून घ्यावा म्हटलं. बडोद्याच्या दुकानांत 'घुघरा' मिळतो, घरी आपण करंजी म्हणतो, आणि जुनी माणसं त्यातल्याच काहींना कानवला म्हणतात. ही तिन्ही एकाच पदार्थाची नावं का? तसं असेल तर 'मुरडीचे कानवले' इतकं सहज तोंडात येतं, तसं 'मुरडीच्या करंज्या' का येत नाही? आणि घुघऱ्याचा आपल्या घुगऱ्यांशी काही संबंध आहे का?

दांडिया बाजार

पदार्थ एका कुळातले, पण नावं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. फरक कडेत आहे. करंजीची कड कातण्याने कापतात, कानवल्याची कड मुरडतात. म्हणून मुरड आणि कानवला ही जोडी भाषेत पक्की बसली.

कातणं म्हणजे दांड्याला लावलेलं पितळी नागमोडी चाक. पारीवर सारण ठेवून घडी घातली, कड दाबली, की बाहेरचा जादा भाग कातण्याने काढून टाकायचा. इथे कड फक्त चिकटलेली असते, त्यामुळे ती दुधाचं बोट लावून नीट दाबली नाही तर तेलात तोंड उघडतं. मग सारण बाहेर येतं, तळाशी जळतं आणि पुढच्या सगळ्या घाण्यावर काळे ठिपके येतात. असं झालं तर तेल गाळून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुरडीत कापणं नाही. कडेचं एक टोक चिमटीत धरून आत दुमडायचं, पुढची दुमड आधीच्या दुमडीच्या निम्म्यावर येईल अशी घ्यायची, आणि असं दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. कडेला दोरीसारखा पीळ दिसतो. यासाठी पारी चिवट लागते. पाव किलो पिठाला (निम्मा बारीक रवा, निम्मा मैदा) दोन टेबलस्पून कडकडीत मोहन पुरे. मोहन वाढवलं की पारी खुसखुशीत होते खरी, पण दुमडताना तुटते. लाटतानाही लक्ष ठेवावं लागतं: मुरड घातली की कडेला दोन-तीन पदर एकावर एक येतात, म्हणून पारीची कड मधल्या भागापेक्षा पातळ हवी. तशी नसेल तर पोट बदामी झालं तरी मुरड आतून कच्ची राहते आणि दोन दिवसांत तिथूनच कानवला मऊ पडतो.

गौरी जाताना नैवेद्याला मुरडीचा कानवला करतात, तो याच अर्थाने. मुरडून, म्हणजे मागे वळून, पुन्हा या. सासरी निघालेल्या मुलीबरोबरही तो याच भावनेने देतात. करंजीला हा अर्थ नाही. करंजी फराळाची आणि तिचं नाव आकारावरून. करंजाची चपटी, एका बाजूला फुगीर शेंग पाहिली की ते लगेच पटतं.

मांजलपूर

घुघऱ्याबद्दल. गुजरातीत घुघरो म्हणजे घुंगरू आणि लहान मुलाचा खुळखुळाही. पदार्थाचं नाव त्याच शब्दाचं. आणि आपण जिला मुरड म्हणतो, तिला गुजरातीत कांगरी. त्यामुळे दांडिया बाजार यांच्या कसोटीने पाहिलं तर गुजराती घुघरा हा करंजीपेक्षा कानवल्याच्या जवळचा. त्याला सरसकट करंजी म्हणणं मला तरी बरोबर वाटत नाही.

सारणही निराळं. आपल्या करंजीत सुकं खोबरं मुख्य, रवा मदतीला. घुघऱ्यात रवा मुख्य. 250 ग्रॅम बारीक रवा 100 ग्रॅम तुपात मंद आचेवर, गुलाबी होऊन वास सुटेपर्यंत भाजायचा. 50 ग्रॅम खोबऱ्याचा कीस, बदाम-पिस्त्याचे काप, वेलची, थोडं जायफळ घालायचं. 200 ग्रॅम पिठीसाखर मात्र रवा पूर्ण गार झाल्यावर. कोमट रव्यात साखर पडली की ती पाणी सोडते, सारणाचे गोळे होतात आणि तळलेला घुघरा दुसऱ्या दिवशी आतून मऊ पडतो. बहुतेक जण यात तळणीला दोष देतात, पण चूक सारणाचीच असते.

मोहनाला इथे मोण म्हणतात आणि त्याचं मापही बोलण्यातच आहे: 'मुठ्ठी पडतुं मोण'. पिठात तूप चोळून मूठ आवळली तर मुटका टिकला पाहिजे आणि बोटाने दाबला की फुटला पाहिजे. 250 ग्रॅम मैद्याला हे साधारण 50 ग्रॅम तुपात जमतं. हे प्रमाण दांडिया बाजार यांनी दिलेल्यापेक्षा जास्त आहे, म्हणून इथली कांगरी बारीक आणि वरवरची असते, खोल पीळ घालायला गेलं तर तुटते.

आणखी एक. घुघरा गोडच असेल असं धरून चालू नका. हिवाळ्यात ओल्या तुरीचे दाणे आले की लीलव्याचे तिखट घुघरे होतात. गुजरातीत दोन्हींना तोच शब्द. मराठीत नुसतं 'करंजी' म्हटलं की गोड, तिखट असेल तर 'मटार करंजी' असं वेगळं सांगावं लागतं.

घुगऱ्या मात्र पूर्ण वेगळ्या. हरभरे किंवा दुसरं कडधान्य भिजवून, मीठ घालून उकडलं की त्या घुगऱ्या. 'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी' म्हणतो तो हाच शब्द. गुजरातीत शिजवलेल्या धान्याला घुघरी म्हणतात. म्हणजे जोडी लावायची तर आपल्या घुगऱ्या आणि त्यांची घुघरी अशी लावावी. बडोद्यातल्या मराठी घरात हा घोळ नेहमी होतो, कारण कानाला घुघरा आणि घुगऱ्या सारखेच लागतात.

लश्कर, ग्वाल्हेर

आमच्याकडे चौथं नाव आहे, गुजिया. ग्वाल्हेरच्या मराठी बोलण्यात हे शब्द सणांनी वाटून घेतले आहेत. होळीला मावा भरला की गुजिया, दिवाळीला खोबरं भरलं की करंजी. कड मुरडण्याला हिंदीत गोंठना म्हणतात.

माव्यामुळे तंत्रही बदलतं. पाव किलो मावा असेल तर मंद आचेवर तो भांड्याची कड सोडेपर्यंत आणि हलकं तूप सुटेपर्यंत परतायचा, गार करायचा आणि मगच 150 ग्रॅम बूरा (एक प्रकारची पिठीसाखर) मिसळायचा. मावा कमी परतला तर त्यातल्या पाण्याची तेलात वाफ होते आणि गुजिया पोटातून फाटते, कड कितीही चांगली गोंठलेली असो. सारण चमचाभरच, पारीचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवून. माव्याची गुजिया चार-पाच दिवसांत संपवावी. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची करंजी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे चांगली राहते. ओल्या नारळाची दुसऱ्या दिवशी संपलेली बरी.

रावपुरा

कड आणि सारण कळलं. मग 'साट्याची करंजी' यात कुठे बसते? आणि साटोरी हा त्याच साट्यावरून आलेला पदार्थ का?

दांडिया बाजार

साट्याची करंजी ही कातण्याचीच, मुरडीची नव्हे. तिथे सारं कौतुक पदरांचं, आणि मुरड घातली की कडेचे पदर दबून बसतात.

साटा म्हणजे पदरांच्या मधे लावायचं तूप आणि पिठी. चार टेबलस्पून थिजलेलं तूप ताटात तळहाताने पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं, मग त्यात तितकीच तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा फेसायचं. थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. पातळ तूप चालत नाही, ते पिठात जिरतं आणि पदर चिकटतात. बडोद्यात ऑक्टोबरची उष्णता असते, म्हणून साटा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून वापरावा.

एक वाटी रवा आणि एक वाटी मैदा, दोन टेबलस्पून मोहन, चिमूटभर मीठ, दुधात घट्ट भिजवून दोन तास झाकून ठेवायचं, मग कुटून मऊ करायचं. तीन पातळ पोळ्या लाटून एकीवर एक ठेवायच्या, प्रत्येकीवर साटा पसरायचा, घट्ट वळकटी करून इंचभर लांबीच्या लाट्या कापायच्या. वळकटी सैल राहिली तर तळताना पदर सुटून तेलात तरंगतात. आता खरी मेख. लाटी कापलेल्या बाजूने वर करून दाबली आणि हलक्या हाताने लाटली की पदर करंजीवर गोल गोल रेषांत उमटतात. आडवी ठेवून लाटली तर करंजी खुसखुशीत होते, पण पदर दिसत नाहीत. ज्या बाजूला रेषा स्पष्ट, ती बाहेर राहील अशी घडी घालायची. उरलेल्या लाट्या ओल्या फडक्याखाली, नाहीतर कडा सुकून चिकटत नाहीत.

तळणी मध्यम गरम तेलात सुरू करून मंद आचेवर, आणि वरून झाऱ्याने तेल उडवत. तेल फार तापलं तर पारीवर फोड येतात आणि पदर उमलायच्या आधीच रंग येतो. फार थंड असेल तर साटा तेलात उतरतो आणि करंजी तेलकट होते.

मांजलपूर

दुसरीकडची नावं थोडक्यात. गोव्यात नेवरी, आणि ख्रिस्ती घरांत नाताळच्या कुसवाराच्या, म्हणजे फराळाच्या, ताटात ती असतेच. कर्नाटकात करजिकाई, आंध्रात कज्जिकायलु, तमिळनाडूत सोमासी, बिहारात पिडुकिया. पोर्तुगालच्या दक्षिणेत नाताळला अझेव्हिया करतात, त्यात हरभऱ्याचं किंवा रताळ्याचं गोड सारण, म्हणजे आपल्या पुरणाला जवळचं.

अरब देशांतला रमजानमधला कतायफ मात्र या कुळात घालू नये. तो अर्धचंद्रच, अक्रोड किंवा चीज भरून तळलेला आणि पाकात बुडवलेला, पण त्याला लाटलेली पारी नाही. पातळ पीठ तव्यावर ओतून फक्त एकाच बाजूने भाजतात. वरची बाजू ओलसर राहते, घडी घालून कड दाबली की तीच चिकटते. मुरडही नको आणि कातणंही नको.

दांडिया बाजार

साटोरीचं राहिलं होतं. तिला करंजीच्या पंगतीत बसवू नका. साटोरी गोल असते. खवा आणि भाजलेल्या रव्याचं सारण लाटीत भरून ती पोळीसारखी लाटतात, आधी तव्यावर कोरडी भाजतात आणि मग तुपात तळतात. सारण लाटीपेक्षा सैल असेल तर लाटताना एका बाजूने फुटते, म्हणून दोन्ही सारख्याच मऊपणाचे हवेत.