घरून शिवणकाम: वेळ आणि उधारी कशी सांभाळता?

मदत हवी आहे. बुटिकमधली नोकरी सोडून दोन वर्षं घरीच ब्लाउज, फॉल-पिको करते. भाडं नाही, मुलगी शाळेतून येते तेव्हा मी घरात असते, हे सुख आहेच. पण रात्री साडेनऊलाही बेल वाजते, "फक्त हुक लावायचेत गं!" दारावर ११ ते ६ ची पाटी लावली, व्हॉट्सॲपवरही टाकलं, शेजारणींना ती दिसतच नाही. अस्तराच्या ब्लाउजचे ५०० घेते, निम्मे आगाऊ मागितले की तोंडं वाकडी. गौरी-गणपतीचे ९ ब्लाउज अजून शिवून पडलेत. गाळा परवडणार नाही आणि गिऱ्हाईक सगळं सोसायटीतलंच, तोडता येत नाही. घरूनच शिवणाऱ्यांनो, जुन्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे घ्यायला कशी सुरुवात केलीत? आणि अवेळी आलेलीला दारातूनच काय सांगता?