चिनूदादाची चौथी पट्टी

ग्रुप: आपला गोतावळा
रविवार, सकाळी ९:१०

मंदाआत्या: [फोटो: गुलाब, चहाचा कप, शुभ रविवार]

चिनूदादा: शुभ रविवार आत्या. सगळ्यांना एक विचारायचंय. एका छोट्या विमान कंपनीची ऑफर आलीय. नाव इथे लिहीत नाही, तशी अट आहे. सहा विमानं, सगळी एटीआर, वर्षभरात आणखी चार येणार म्हणतात. बेस मोपा, गोव्यातला विमानतळ. बुधवारपर्यंत कळवायचंय.

अप्पाकाका: एवढ्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून? डोकं ठिकाणावर आहे ना?

आई: मला कालच कळलं. मी काही बोलत नाही.

मी: आई "काही बोलत नाही" म्हणाली की पुढचे चार दिवस बोलते, याची नोंद घ्यावी.

चिनूदादा: काका, इथे मी को-पायलट, खांद्यावर तीन पट्ट्या. चौथी, म्हणजे कॅप्टनची, ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे. माझ्या पुढे हजारभर जण आहेत, धरून चाला अजून चार वर्षं. तिकडचा एचआर म्हणतो, एटीआरवर ५०० तास झाले की कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन करायला, घेऊ, तेही वर्षाच्या आत. शिवाय कोलकात्याच्या रात्रीच्या फेऱ्या सुटतील. सकाळी मोपाहून निघायचं, संध्याकाळी बहुतेक वेळा घरी.

वहिनी: "बहुतेक वेळा" वाचलं. आणि घर म्हणजे कुठलं? माझी बँक पुण्यात आहे.

मंदाआत्या: एटीआर म्हणजे पंख्याचं ना? मागच्या दाराने चढतात ते? आमच्या जळगावला विचार. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनचं १८ सीटचं विमान सुरू झालं. आम्ही सगळे कौतुकाने बघायला गेलो होतो, पोहे-बिहे घेऊन. ते बंद पडलं. २०१९ ला ट्रूजेट आली. तीही गेली. २०२४ च्या एप्रिलपासून फ्लाय९१ येतंय. मी गेले त्यातून, छान आहे, पोरी नम्र आहेत. पण आमचे हे विमानाचं तिकीट काढलं तरी रेल्वेचंही काढून ठेवतात.

अप्पाकाका: हेच म्हणतोय मी. छोट्या कंपन्या म्हणजे पावसाळ्यातल्या छत्र्या.

शलाकाताई: बाबा, किंगफिशर २०१२ ला बंद पडली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. यातली छोटी कोणती?

अप्पाकाका: 🙄

विनूमामा: आत्ता उठलो. थांबा, चहा घेऊन लिहितो. चिन्या, सही केलेली नाहीस ना?

चिनूदादा: नाही मामा.

सकाळी १०:०५

विनूमामा: मंदाताईंनी ट्रूजेटचं नाव काढलं म्हणून. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी शिमल्याहून उडान योजना सुरू केली, त्याच दिवशी ट्रूजेटचं नांदेड–हैदराबादही सुरू झालं. उडानमध्ये काय असतं, काही सीट्सच्या भाड्यावर सरकारची मर्यादा, आणि येणारी तूट भरून काढायला अनुदान. पण ते तीन वर्षंच. तीन वर्षांत लोकांना त्या विमानाची सवय लागली तर मार्ग जगतो, नाही लागली तर अनुदानाबरोबर विमानही जातं. ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. तेव्हा चिन्या, पहिला प्रश्न पगाराचा नाही. त्यांचे किती मार्ग अनुदानावर आहेत आणि ते कधी संपतंय, हे काढ.

दुसरं. मी ज्या विमान कंपनीत शेवटची नोकरी केली ती सहा नव्हे, कितीतरी जास्त विमानांची होती. आधी सात तारखेचा पगार पंधराला यायला लागला. कोणी काही बोललं नाही, बोनससारखा वाटायचा आला की. मग एके दिवशी स्टोअरमध्ये पार्ट नाही म्हणून उभ्या विमानाचा काढून उडणाऱ्याला बसवला. एकदा, दोनदा चालतं, सगळीकडे करतात. पण नंतर त्या उभ्या विमानात काढण्यासारखं उरलंच नाही. चाकांभोवती वाळकी पानं, इंजिनांच्या तोंडावर लाल कव्हरं, आणि प्रेझेंटेशनमध्ये मात्र ते विमान "ताफ्यात" मोजलेलं. माझे पाच महिन्यांचे पैसे अजून तिथेच आहेत.

आई: विनू, ते आता नको काढूस. बीपी वाढतो तुझा.

विनूमामा: बरं ताई. पण त्याला सांग की "सहा विमानं" म्हणजे नक्की किती उडतात ते बघ. आणि त्या सहांवर पायलट किती? सगळं त्यात आहे. विमानं आली आणि पायलट नाहीत तर तुला झोप नाही. पायलट आले आणि विमानं नाहीत तर काम नाही. वाढणारी कंपनी या दोन्हींच्या मधे लटकलेली असते. अकासा एअरचं बघ, ऑगस्ट २०२२ ला उडायला लागली, ऑर्डरी शेकड्यांनी, पण बोइंगला विमानं वेळेवर देता येईनात आणि घेतलेले पायलट जमिनीवर बसून असल्याच्या बातम्या आल्या. पैशाचा प्रश्न नव्हता तिथे. विमानच नव्हतं.

मी: मामा, पायलट बसून राहिला तर पगार मिळतोच ना?

चिनूदादा: ठरलेला मिळतो. वरचा मोठा भाग तासांवर. आणि ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग झाली नाहीत तर आधी सिम्युलेटर, मग प्रवासी.

शलाकाताई: कागदांवर येऊ. बाँड आहे?

चिनूदादा: एटीआरचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी, ते करून देणार. त्याबद्दल तीन वर्षांचा बाँड, २० लाख. आणि सही केलेला एक कोरा चेक.

शलाकाताई: कोरा चेक???

शलाकाताई: नाही म्हणजे नाही. रक्कम आणि अट लिहिल्याशिवाय चेक देऊ नकोस. आणि बाँड महिन्यागणिक कमी व्हायला हवा. अडीच वर्षं उडून सोडलंस तरी पूर्ण २० लाख, हे कसलं? नोटीस पिरियड माहितीये ना? २०१७ पासून डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचा, नियम आहे, को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला वर्ष. म्हणजे पट्टी वाढली की बेडीही वाढते. २०२३ मध्ये ४३ पायलट नोटीस न देता गेले म्हणून अकासा मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

चिनूदादा: म्हणजे इथूनही मला सहा महिने सुटका नाही.

शलाकाताई: नाहीच. आणखी एक. तिथे ओळखीचं कोणी असेल तर विचार, त्यांच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या नोंदीत, टीडीएस वेळच्या वेळी दिसतो का, पीएफ जमा होतो का. पगारातून कापायचं आणि भरायचं नाही, हे कंपनी आजारी असल्याचं सगळ्यात आधी दिसणारं लक्षण. पगार नंतर अडकतो.

अप्पाकाका: कोण म्हणतं मुलींना गणित येत नाही.

शलाकाताई: कोणीच म्हणत नाही बाबा, तुम्ही सोडून.

मंदाआत्या: पण पंख्याचं विमान चालवायला कमीपणा नाही ना वाटणार? मोठं चालवत होता.

विनूमामा: मंदाताई, एटीआर भारी मशीन आहे हो. सत्तरेक माणसं, सहा पात्यांचा पंखा, आणि जमिनीवर उजव्या इंजिनाचा नुसता पंखा ब्रेक लावून धरून ठेवतात, इंजिन चालू राहतं, त्यावर वीज नि एसी. हॉटेल मोड म्हणतात त्याला. आखूड धावपट्टीवर हाताने उतरवायला शिकलेला पायलट मला कधीही जास्त आवडतो.

चिनूदादा: आवडीचं ठीक आहे मामा, पण गल्फवाले जेटचे तास विचारतात. तीन वर्षांनी परत जेटवर यायचं तर रेटिंग ताजं करण्यापासून सुरुवात. हेच जास्त खुपतंय.

वहिनी: आणि हे मला आत्ता ग्रुपवर कळतंय. वा.

मी: (दादा पाच मिनिटं "टायपिंग" दाखवत होता. मेसेज आला नाही.)

दुपारी ३:४०

चिनूदादा: फ्लाइंग स्कूलचा एक मित्र तिथेच को-पायलट आहे. त्याला फोन केला. टीडीएस, पीएफ वेळेवर, पगार एक तारखेला. सहापैकी पाच विमानं उडतात, एक इंजिनासाठी थांबलंय. पायलट भरपूर घेऊन ठेवलेत, येणाऱ्या चार विमानांसाठी. त्याचे गेल्या महिन्यातले तास ३१.

विनूमामा: तुझे?

चिनूदादा: ७२.

विनूमामा: मग ५०० ला ३१ ने भाग.

शलाकाताई: सोळा महिने. सहा महिने नोटीस, रेटिंग आणि ट्रेनिंगचे चारेक. सव्वीस झाले. एचआरचं "वर्षाच्या आत" म्हणजे दोन वर्षांहून जास्त.

चिनूदादा: इथे चार वर्षं. तरी दोन वर्षं वाचतात.

विनूमामा: कंपनी वाचली तर. आणि ती चार विमानं आली तर ३१ चे ६० होतील, मग तुझा एचआर अगदीच खोटा नाही. नाही आली तर त्याच ३१ मध्ये नवे वाटेकरी. तू खरं म्हणजे पायलटची नोकरी घेत नाहीयेस, त्या चार विमानांवर पैज लावतोयस. भाडेकरार झालेत का त्यांचे, की नुसतं बोलणं चाललंय?

चिनूदादा: मित्र म्हणाला दोनांचे झालेत.

आई: दोन तर दोन. मी काही बोलत नाही, पण कोलकात्याहून रात्री दोनला उतरून सकाळी फोनवर "झोपलो होतो" असं खोटं बोलतो ते मला कळतं.

मंगळवार, संध्याकाळी ७:१५

चिनूदादा: एचआरला तीन गोष्टी लिहिल्या. कोरा चेक देणार नाही. बाँड दर महिन्याला कमी होत जावा. सलग तीन महिने ४५ तासांच्या खाली राहिलो तर बाँड रद्द. पहिल्या दोन मान्य. तिसरीवर "मॅनेजमेंटशी बोलून कळवतो". उत्तराला दहा दिवस वाढवून दिलेत.

शलाकाताई: तिसरी देणार नाहीत. पण मागितलीस ते बरं केलंस, बोलतात कसं ते कळेल.

अप्पाकाका: दोन मान्य केल्या म्हणजे माणसं बरी दिसतात. मी आपलं म्हणतोय.

वहिनी: शुक्रवारी आम्ही दोघं मोपाला जातोय. तो मित्राला भेटेल, मी काचेतून विमानं मोजते.

विनूमामा: दुपारी बाराच्या सुमाराला मोज सूनबाई. रात्री सगळीच उभी असतात.