पैसे कापले जातात, सभासद लॉगआउट होतो. तेही फक्त क्रोममध्ये!

पुस्तकपेटी: आमच्या वाचनालयाची वर्गणी भरायची साइट मीच पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली आहे. पेमेंट गेटवेवर पैसे भरून सभासद परत आला की 'कृपया लॉगिन करा' असं पान दिसतं. पैसे मात्र गेलेले असतात. काल एक निवृत्त गुरुजी पासबुक घेऊनच काउंटरवर आले. दोनदा भरले होते बिचाऱ्यांनी. मी स्वतः एकेक रुपया भरून दहा वेळा पाहिलं, एकदाही बिघडलं नाही. फायरफॉक्समध्येही नीट चालतं. डोकं चालेना झालंय.

रात्रपाळी: लॉगिन केल्यापासून परत येईपर्यंत तुम्हाला किती वेळ लागतो? आणि गुरुजींना?

पुस्तकपेटी: मला मिनिटभर. गुरुजी आधी चष्मा शोधणार, मग ओटीपी, आणि मोबाइल असतो नातवाकडे. पाच-सात मिनिटं कुठेच गेली नाहीत.

रात्रपाळी: मग सापडलं. गेटवे तुमच्या पानावर पोस्ट करून, म्हणजे फॉर्म पाठवावा तशी विनंती करून, माणसाला परत पाठवतो. लॉगिनची ओळख ठेवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद म्हणजे कुकी. ती परक्या साइटवरून येताना पाठवायची का, हे सांगणारं सेमसाइट तिच्यावर लिहिलं नसेल तर क्रोम ती 'लॅक्स' धरतो, म्हणजे परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर ती जात नाही. फेब्रुवारी २०२० पासून, क्रोम ८० मध्ये हे लागू व्हायला लागलं. अशाच जुन्या साइटी मोडू नयेत म्हणून दोन मिनिटांच्या आतल्या ताज्या कुकीला सूट ठेवली आहे. तुम्ही त्या सवलतीत बसता, गुरुजी बसत नाहीत.

घाईत_आहे: सेमसाइट=नन (कुठूनही आलं तरी कुकी जाऊ दे) आणि सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर) करून टाका, दोन ओळींचं काम.

रात्रपाळी: चालेल, पण दार सताड उघडं राहील. सभासद लॉगिन असताना दुसऱ्या टॅबमधल्या भलत्याच पानाने लपवलेला फॉर्म तुमच्या साइटकडे पोस्ट केला, तर ब्राउझर पूर्वीसारखी त्याची कुकी बिनबोभाट जोडून देईल. हे थांबवायलाच तर हा खटाटोप झाला. नन करायचंच असेल तर प्रत्येक फॉर्ममध्ये टोकन, म्हणजे फॉर्म तुमच्याच साइटचा आहे हे पटवणारा गुप्त आकडा, हवं.
त्यापेक्षा परतीच्या पानावर सेशन_स्टार्ट(), म्हणजे पीएचपीची लॉगिनचं सत्र सुरू करणारी ओळ, काढून टाका. खरा घोळ तिथे आहे: कुकी आली नाही म्हणून पीएचपी नवी कोरी देतं, आणि ती जुनीला पुसून टाकते. त्या पानावर फक्त निरोप गेटवेचाच आहे हे सांगणारी त्याची डिजिटल सही तपासा, ऑर्डर नंबरवर रक्कम जमा करा आणि ३०३ ने ('आता त्या पानावर जा' असं ब्राउझरला सांगणारा कोड) पावतीच्या पानावर पाठवा. पावतीचं पान पोस्टने नाही, गेटने (साधं पान मागण्याची विनंती) उघडत असल्यामुळे लॅक्स कुकी जाते. वेबहुकही लावा, म्हणजे गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला कळवेल; कुणी मधेच टॅब बंद केला तरी नोंद होईल.

पुस्तकपेटी: केलं. लॉगिन करून मुद्दाम चहा टाकला, प्यायलो, मग ओटीपी घातला. पावती आली! वेबहुक उद्या. गुरुजींची जादा वर्गणी पुढच्या वर्षात धरली आहे. ते म्हणाले, व्याज द्या.